मधलाच पॅरा

साईनाथला इंग्रजी येतं हे अख्ख्या कळंबला ठाऊक होतं. किती येतं हे मात्र एकट्या साईनाथला ठाऊक होतं, आणि ते कुणाला सांगायच्या भानगडीत तो पडत नव्हता. दहावीला इंग्रजीत एकाहत्तर मार्क पाडले होते पठ्ठ्याने! तेव्हापासून गावात कुणाकडे बँकेचा कागद आला की चला साईनाथकडे, मोबाईलवर कसला लाल मेसेज आला की चला साईनाथकडे. साईनाथ कागद लांब धरायचा, भुवया आवळायचा आणि म्हणायचा, "हां... काय घाबरायसारखं नाय." लोक चहा पाजून घरी जायचे.

ते एकाहत्तर मार्क कसे पडले, तेही ऐका. मास्तरांनी वर्गाला एक युक्ती शिकवली होती. पेपरात इंग्रजी उतारा आला की तो वाचत बसायचं नाही. प्रश्नातला मोठा शब्द हेरायचा, तोच शब्द उताऱ्यात शोधायचा, आणि सापडला की त्याच्या आगेमागे असेल ते वाक्य जसंच्या तसं उतरवून मोकळं व्हायचं. "उतारा समजून घ्यायच्या नादी लागाल तर पेपर राहील," असं मास्तर बजावायचे. वरच्या पॅऱ्याचा खालच्या पॅऱ्याशी काय संबंध, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि पोरांनी कधी विचारलं नाही. मार्क पडत होते ना, मग झालं तर! साईनाथची दहावी सुटली, निम्मी शेती सुटली, केस पिकायला लागले, पण ही युक्ती काही सुटली नाही.

भाताच्या शेताचा रस्त्याकडचा तुकडा मातीने भरून त्याने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं यायची. फाटकावर पाटी होती 'गौराई होमस्टे'. हे नाव वहिनीचं. साईनाथ लहान असताना त्याची आई गेली आणि त्याच वर्षी थोरल्या भावाची बायको म्हणून गौराबाई या घरात आली. स्वतःला मूलबाळ झालं नाही. तिने साईनाथला न्हाऊमाखू घातलं, शाळेत ओढत नेलं, त्याचं लग्न लावलं. मग थोरला भाऊही गेला. पाहुणे यायचे ते गौराबाईच्या हातची तांदळाची भाकरी खायला, आणि थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात घालून भाजतात ती पोपटी खायला. खोल्यांच्या चाव्या तिच्याच कमरेला असायच्या. हे सगळं साईनाथ विसरला होता असं नाही, पण आठवणही काही रोज काढत नव्हता.

दिवाळी होऊन गेली, भात झोडून झालं, आणि एका सकाळी नेरळहून हर्षदचा फोन आला. हा हर्षद पाहुणे मिळवून द्यायचा आणि वर आपला वाटा घ्यायचा. बातमी वाईट असली की त्याचा आवाज खुलायचा.

"साईदा, तुझ्या जागेवर चोरीचं लिवलंय बग कुणीतरी. रिव्ह्यूमधी. बाईची सोन्याची चेन गेली म्हनं. आनि गौराबाईचं नाव हाय."

साईनाथने फोन कापला. तो मोबाईल घेऊन पेंढ्याच्या उडवीमागे गेला, कारण घरात हर्षला होती. हर्षला म्हणजे त्याची बायको, आणि तिच्यापुढे काही लपवायचं तर उडवीच लागायची.

रिव्ह्यू लांबलचक होता. वर एक पॅरा, मध्ये एक, खाली एक. साईनाथने काय करावं? तेच केलं. 'चेन' शोधलं, 'गौराबाई' शोधलं. दोन्ही मधल्या पॅऱ्यात सापडले. ती वाक्यं त्याने ओठ हलवत वाचली. सकाळी चेन दिसेना. खोलीत फक्त गौराबाई आली होती. दुपारी तिने माझ्याकडे बघितलं नाही. वरच्या पॅऱ्यात नुसतं जेवणाचं कौतुक दिसत होतं, त्याचा काय उपयोग? खालच्या पॅऱ्यावरून त्याने नजर फिरवली तर तिथे 'सॉरी' होतं, 'अशेम्ड' होतं आणि शेवटाकडे 'नेव्हर अगेन' होतं. झालं की! बाईला इथे आल्याची लाज वाटतेय आणि ती परत कधी येणार नाही. सरळच होतं. खाली मोबाईल म्हणत होता, मराठीत करून दाखवू का? एकाहत्तर मार्कांचा माणूस त्याला बोट लावेल होय!

"वैनी?" तो स्वतःशीच म्हणाला. "आपली वैनी?"

पहिल्यांदा त्याचा विश्वास बसला नाही. दुपारपर्यंत थोडा बसला. रात्री जेवताना गौराबाईने त्याच्या ताटात भाकरी टाकली आणि नेहमीसारखी समोर न बसता चुलीकडे वळली, तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली. ही माझ्याकडे का बघत नाही? बाईने लिहिलंय तेच!

संशयाचं असं असतं की त्याला खायला काहीही चालतं, शिळंपाकंसुद्धा. दुसऱ्या दिवशी साईनाथने एका खोलीत गादीखाली पाचशेची नोट सरकवून ठेवली आणि गौराबाईला चादरी बदलायला पाठवलं. थोड्या वेळात ती नोट घेऊन आली. "पाव्हन्यांची ऱ्हायली वाटतं रं. फोन करून सांग त्यांना." आता एखादा माणूस म्हणाला असता, चला, संशय फिटला. साईनाथ काय म्हणाला? बघा, कशी सावध झालीय! सोनं पचवायचं म्हणून नोट परत करतेय.

मग एके दिवशी तो सामान आणायला नेरळच्या बाजारात गेला होता, तर सोनाराच्या दुकानात गौराबाई उभी! सोनाराने तिच्या हातात कागदाची पुडी दिली आणि तिने ती चोळीत खोचली. साईनाथ पावाच्या गाडीमागे लपला. वहिनीला हाक मारावी, जवळ जावं, काय गं वैनी इथं कुठं, असं विचारावं? छे! त्याला जेवढं बघायचं होतं तेवढं बघून तो घरी आला आणि वहिनी सोनाराकडे होती, एवढंच हर्षलाला म्हणाला.

"अवो, त्यांच्या कानातल्या बुगडीचा फिरकीचा खिळा मोडला व्हता," हर्षला म्हणाली. "मीच म्हनले, नेरळला जाऊन लावून आना. कानात बघा की त्यांच्या."

"असं ती म्हनते."

"ती न्हाय, मी म्हनतेय! तुमाला झालंय तरी काय?"

शेवटी त्याने तिला सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, मधला पॅरा सांगितला. हर्षलाने हातातलं काम टाकलं.

"त्या बाईला फोन लावा ना. इचारा."

"आनि काय म्हनू? आमच्या घरात चोर हाय म्हनून? उद्या पोलीस घेऊन आली म्हंजे?"

"सगळं वाचलंत का पन तुमी? नीट?"

"इंग्रजी तू मला शिकवनार?" तो ओरडला. मोबाईल त्याने खिशात घातला आणि तिच्या हातात दिला नाही. त्या दिवसापासून हर्षला त्याला जेवायला वाढून निघून जायची.

त्याच संध्याकाळी साईनाथने चाव्यांचा जुडगा मागून घेतला. "हिशेबाला बरं पडतं," असं काहीतरी पुटपुटला. खोल्यांच्या चावीचा आणि हिशेबाचा काय संबंध, हे गौराबाईने विचारलं नाही. तिने कमरेचा जुडगा सोडला, त्याच्या हातावर ठेवला आणि मोकळ्या कमरेवर पदर ओढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून तिने पाहुण्यांच्या खोल्यांत पाऊल टाकलं नाही. "हर्षलाला धाड," म्हणायची, आणि चुलीपुढे बसायची. साईनाथला तेही खटकलं. कर नाही त्याला डर कशाला? आत जायला का घाबरते?

सांगायचं कुणाला नाही असं त्याने ठरवलं होतं. पण हर्षदच्या तोंडाला झाकण कोण लावणार? नेरळच्या नाक्यावर जे बोललं गेलं ते टेंपोत बसून कळंबला आलं. लोकांनी साईनाथला खोदून विचारलं, तेव्हा त्याच्या तोंडूनही मधला पॅरा निसटला. एका सोमवारी भाजी घ्यायला गेलेल्या गौराबाईला मोतीबाई भाजीवालीने सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, त्या बाईची चेन घावली का?"

गौराबाई भाजी तिथेच टाकून घरी आली. साईनाथ ओट्यावर बसला होता. ती त्याच्यापुढे उभी राहिली, आणि तिचा आवाज चढला नाही ह्याचीच त्याला भीती वाटली.

"साई, माज्यावर आळ हाय?"

तो खाली बघायला लागला.

"चावी नेलीस तवाच म्हनलं, कायतरी हाय. पोराचं टकुरं हाय, फिरलं असंल, येईल जाग्यावर. गावाला म्हाईत हाय आनि मला नाय, व्हय रं?" तिने पदराने तोंड पुसलं. "उद्या मंगळवार हाय. गावदेवीम्होरं भंडार उचलते. मग तर बसंल ना तुजा इश्वास?"

भंडार म्हणजे देवीपुढच्या ताटातली हळद. ती मुठीत उचलून माणूस बोलला की ते खरं. खोटं बोलला तर देवी बघून घेते. कळंबमध्ये आजही कुणी सहजासहजी त्या ताटाला हात लावत नाही. बांधावरून कोर्टात भांडणारी माणसंसुद्धा ताट पुढे आलं की घसा खाकरून घरी जातात.

मंगळवारी दुपारी देवळापुढे पंचवीसेक माणसं जमली. हर्षद आला होता, तो असली संधी सोडतो काय? देवीची पूजा करणारे सदूबुवा पाटावर बसले होते. गौराबाई अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आली. कानात बुगडी चमकत होती. साईनाथने ती आज पहिल्यांदा पाहिली आणि लगेच नजर काढून घेतली.

सदूबुवांनी ताट पुढे केलं. गौराबाईने हात पुढे केला नाही.

"बुवा, आदी आळ वाचायचा असतो. पुरा. आपली रीत हाय ना?"

रीत होतीच. ज्याच्यावर आळ, त्याला तो देवीपुढे पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवायचा, मगच ताटाला हात. नाहीतर माणूस कशाची शपथ घेतोय हे देवीला कळणार कसं?

"बरोबर हाय," सदूबुवा म्हणाले. "साई, त्या बाईनं काय लिवलंय ते वाच. आनि मराठीत सांग."

"चेन गेली असं लिवलंय, बुवा. म्या सांगितलंय की."

"पयल्यापासून वाच," गौराबाई म्हणाली. "ती माज्याबद्दल काय काय बोलली ते मला ऐकायचं हाय."

आता आली का पंचाईत? साईनाथने मोबाईल काढला. वरचा पॅरा त्याने कधी वाचलाच नव्हता. तो एकेका शब्दावर अडखळत, कपाळाचा घाम पुसत वाचायला लागला.

"गौराई होमस्टेला आमी दोन दिस ऱ्हायलो... जागा साधी हाय... तितं गौराबाई हायेत. माजी आई गेल्यापासून मला असं कुनी... असं कुनी जवळ बसून जेवायला घातलं नवतं. निगताना त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या." तो थांबला. पॅऱ्याच्या शेवटी एक वाक्य उरलं होतं. "म्हनून... म्हनून मी नंतर जे केलं, ते लिवायला मला जड जातंय."

मी केलं? साईनाथने ते वाक्य पुन्हा पाहिलं. केलं तर वहिनीने ना? ही बाई 'मी' का म्हणतेय?  हे वाक्य खालच्या पॅऱ्याचा हात धरून उभं होतं, आणि तो इतके दिवस खालचा पॅरा एकटाच उचलून हिंडत होता.

"म्होरं," सदूबुवा म्हणाले.

मधला पॅरा त्याला पाठच होता. चेन दिसेना, खोलीत गौराबाईच आली होती, दुपारी तिने माझ्याकडे बघितलं नाही. पण त्याच्या शेवटचं वाक्य त्याने आज पहिल्यांदा वाचलं. "हिनंच घेतली असं मी... असं मी मनाशी ठरवून टाकलं. कुनाला इचारलं नाय."

बायका कुजबुजल्या. मोतीबाईने कपाळावर हात मारला. हर्षद म्हणाला, "बगा, मी म्हनलो नवतो?"

"झालं?" सदूबुवांनी विचारलं.

साईनाथच्या अंगठ्याखाली तिसरा पॅरा होता. त्याचा पहिला शब्द 'बट' होता, आणि बट म्हणजे पण, एवढं तर एकाहत्तर मार्कांत येत होतं. पुढच्या ओळीत कार दिसली, सीट दिसली. क्षणभरात त्याला सगळं कळलं. आणि हेही कळलं की इथे दुसऱ्या कुणाला, हर्षदलासुद्धा, एवढं इंग्रजी येत नाही. झालं म्हणावं, मोबाईल खिशात घालावा. वहिनी भंडार उचलेल, देवी काय तिला काही करणार नाही, आळ असाही फिटेल. आणि आपण माती खाल्ली हे कुणाला कळणारही नाही.

"झालं नाय," गौराबाई म्हणाली. ती मोबाईलकडे बघत होती. "मला वाचता येत नाय रं, पन डोळं हायेत. खाली आजून काळं दिसतंय."

साईनाथने वाचलं. 

"पन... पन घरी गेल्यावर गाडी धुताना चेन सीटखाली घावली. ज्या बाईनं मला आईसारकं जेवू घातलं, तिला मी मनात चोर ठरवलं. मला माजीच लाज वाटते. असा न इचारता संशय मी परत कदी कुनावर घेनार नाय. सॉरी, गौराबाई." त्याला पुढचं दिसेना, त्याने डोळे पुसले. "गौराबाईंनी मला सांगितलं व्हतं की त्यांना वाचता येत नाय. ज्याला कुनाला हे वाचता येईल, त्यानं मेहेरबानी करून त्यांना वाचून दाखवावं."

 मग सदूबुवांनी डोळे बारीक केले.

"साई, हे तितं लिवलंय, का तू आता लावतोयस?"

"लिवलंय, बुवा!"

"कालपत्तर चोरी म्हनत व्हतास. तुज्या त्वांडून गावानं चोरीच ऐकली. आज वैनीनं ताटाकडं बगितलं आनि लागलीच चेन घावली?"

"व्हय, मला पन चोरीचंच दिसलं व्हतं," हर्षद म्हणाला. ह्याला कुणी विचारलं होतं? स्वतःचा मोबाईल काढून बघायचं मात्र त्याने नाव काढलं नाही.

"मोबाईलमदी मराठी करून मिळतं," हर्षला पुढे आली. "बगा ना कुनीतरी."

"मोबाईल पन त्याचाच हाय बाई," मागून कुणीतरी म्हणालं, आणि माना हलल्या.

साईनाथ एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. ह्याच माणसांनी आजवर त्याने सांगितलेला कागद डोळे मिटून मानला होता. त्याने चुकीचं सांगितलं ते त्यांनी खरं धरलं, आणि आता खरं सांगतोय तर एकाचाही विश्वास नाही. त्याला गौराबाई गेले इतके दिवस कशी बसली असेल चुलीपुढे, हे तेव्हा कळलं, आणि रडू आवरेना.

सदूबुवांनी हळदीचं ताट उचललं आणि गौराबाईपुढून सरकवून साईनाथपुढे ठेवलं.

साईनाथने हात घातला. हळद बोटांतून सांडत होती. "आई गावदेवी, म्या वाचलं तेवडं सगळं तितं लिवलंय. एक आक्षर माजं नाय. म्या पयल्यांदा मदलंच वाचलं व्हतं. वरचं नाय, खालचं नाय. वैनीनं कायबी केलेलं नाय." मग तो तिच्याकडे वळला. "वैनी, चुकलो गं."

सदूबुवांनी मान डोलावली. मोतीबाई उठली आणि गौराबाईच्या पायांशी येऊन बसली. गौराबाईने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"साई," तिने विचारलं, "हे कदी आलं रं मोबाईलवर?"

"भात झोडलं तवा."

"म्हंजे त्या बाईनं माफी कदीच धाडली व्हती."

"व्हय."

"आनि ती तुज्या खिशात व्हती. इतकं दिस."

  हळदीच्या हाताने त्याने खिशातून चाव्यांचा जुडगा काढला आणि तिच्यापुढे धरला. जुडगा पिवळा झाला.

गौराबाईने जुडग्याकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतले.

"त्या बाईला लिव, माफी पोचली म्हनून. मी थोडं दिस पळसदरीला भावाकडं जाते." ती देवळाच्या दोन पायऱ्या उतरली आणि मागे न बघता म्हणाली, "चावी हर्षलाला दे."